लहानीचा बैल, माझा कॅमेरा

माझी लहानी जाऊ घरात आली तेव्हा तो कॅमेरा माझा आहे, असं मी मनातून ठरवून टाकलेलं होतं. खरं तर तो मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. चिखलीला बाजाराच्या रस्त्यावर आमचा फोटो स्टुडिओ होता, पुढे दुकान आणि मागे घर. फोटोचा कागद आणि औषधं आणायला मामाजी वर्षातून दोनदा मुंबईला जात. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. एका खेपेला त्यांनी तिथून एक वापरलेला, हातात मावेल एवढा सिनेमाचा कॅमेरा आणला. सोबत एक खडखडणारा प्रोजेक्टर. कॅमेऱ्याला घड्याळासारखी चावी द्यायची आणि बटन दाबायचं, की फिल्म फिरायची. लग्नाची हलती चित्रं काढू, असा त्यांचा बेत होता. पण भिंतीला टांगता येत नाही असला फोटो कोणालाच नको होता, आणि कॅमेरा कपाटात गेला.

तो कपाटातून मी काढला. मी शेगावची, मास्तरांची मुलगी, मॅट्रिक झालेली. स्टुडिओतलं रिटचिंगचं काम माझ्याकडे होतं. खिडकीशी एक उतरतं मेज होतं, त्यात काच बसवलेली, काचेखाली आरसा. त्या उजेडावर निगेटिव्ह धरायची आणि सुईसारखी टोक केलेली पेन्सिल चालवून चेहऱ्यावरचे देवीचे व्रण, सुरकुत्या, डाग पुसायचे. माझा हात इतका बारीक चालायचा की मेहकरहून लोक येऊन म्हणत, "आमची पोरगी इथंच बसवा फोटूले, इथं चांगली दिसते." मामाजी गिऱ्हाइकांना सांगत, "हे आमच्या सूनबाईचं काम." ते वाक्य ऐकायला मी दिवसभर मान वाकवून बसत असे.

कॅमेऱ्यासोबत इंग्रजी माहितीपुस्तक आलं होतं. डिक्शनरी घेऊन मी ते वाचून काढलं. त्यात एका पानावर लिहिलं होतं की बाजूच्या भोकात एक लांब तार अडकवली आणि तिचं टोक दाबलं, तर फिल्म एकाच चित्रापुरती पुढे सरकते. वस्तू थोडी हलवा, एक चित्र घ्या. परत हलवा, परत घ्या. अशी सोळा चित्रं झाली की पडद्यावर एक सेकंद होतो, आणि निर्जीव वस्तू आपली आपण चालते. मी ते पान मामाजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "करून पाह्य. एक रीळ खराब झालं तर झालं."

म्हणजे कल्पना माझी. हे मी एवढ्या वर्षांनंतरही आवर्जून सांगते, यावरून माझा स्वभाव कळावा.

पहिलं रीळ मी एका आगपेटीवर घालवलं. दुपारच्या जेवणानंतर मागच्या खोलीत टेबलावर चादर अंथरली, खिडकीच्या उजेडात आगपेटी ठेवली, आणि या टोकाहून त्या टोकाला नेली. फिल्म धुवायला मुंबईला पोस्टाने जायची आणि तीन आठवड्यांनी परत यायची. तोवर आपण काय केलं हे कळायला काही मार्ग नव्हता. रीळ आलं, भिंतीवर लावलं, तर आगपेटी उडत होती, थांबत होती, परत उडत होती. उजेड डोळे मिचकावल्यासारखा कमीजास्त होत होता, कारण मी चित्रं घेत असताना बाहेर ढग येत-जात होते. मध्येच सगळं टेबल हादरत होतं, कारण मी चालताना कॅमेऱ्याच्या स्टँडच्या पायाला धक्का लागत होता. एका कोपऱ्यात माझ्या फिकट लुगड्याची चमक येऊन जात होती.

लहानी जाऊ त्या वेळी नवीनच लग्न होऊन आलेली. वडनेर भोलजीची, शेतकऱ्याघरची, शाळा चौथीपर्यंत. दारात उभी राहून तिने ते रीळ पाहिलं आणि सरळ विचारलं, "जाऊबाई, आगपेटी काऊन पळून राह्यली वो? तिच्या मांगं कोनी लागलं काय?"

सगळे हसले. मीही हसले. आतून मात्र मला तिचा राग आला, आणि तो राग काही लहान नव्हता.

मी चुका वहीत लिहून काढल्या आणि एकेक दुरुस्त केल्या. खिडकीला घोंगडी लावून दिवसाचा उजेड पूर्ण बंद केला आणि दोनशे वॉटचे दोन बल्ब दोन बाजूंनी लावले. बाजूच्या गल्लीत पिठाची गिरणी होती, ती सुरू झाली की बल्ब मंद व्हायचे, म्हणून गिरणी बंद असेल तेवढ्याच वेळात, बारा ते तीन, काम करायचं ठरवलं. बाजारापलीकडे एक सुतार चाचा होते, मामाजींचे जुने स्नेही. त्यांच्याकडून एक जाड फळी आणून तिच्यात तीन खळगे पाडून घेतले. स्टँडचे तीन पाय त्यांत घट्ट बसत. स्टँडच्या मध्यावर दोरीने एक दगड टांगला, की वजनाने तो हलू नये. काम करताना गडद लुगडं नेसायचं, हातातल्या बांगड्या वर सारायच्या, बटनाला बोट लावायचं नाही, तारच दाबायची, आणि दाबताना श्वास धरायचा. प्रत्येक जागेची दोन-दोन चित्रं घ्यायची, म्हणजे काम निम्मं होतं आणि चालही फार बिघडत नाही. हे सगळं मला कोणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या रिळात उजेड स्थिर होता, टेबल स्थिर होतं. आगपेटी मात्र तशीच मेल्यासारखी सरकत होती. तिला कोणीतरी ढकलतंय, हे दिसत होतं.

"थे जित्ती नाई वाटत," लहानी म्हणाली. मग तिनेच विचारलं, "मी बैल करू का?"

तिच्या माहेरी पोळ्याला घरोघर मातीचे बैल करत, आणि वडनेरात निम्म्या घरांचे बैल हीच करून देत होती, हे मला तेव्हा कळलं. नुसती माती दोन दिवसांत वाळून तडकते, म्हणून तिने चिकणमाती चाळून तिच्यात गोडेतेल आणि मेणबत्त्यांचं वितळलेलं मेण कालवलं. गोळा लोण्यासारखा झाला. पायांत तांब्याची तार घातली. वीतभर लांब, शिंगं जरा आत वळलेली, मानेखाली कातडीची पोळी लोंबणारा एक बैल तिने दुपारभरात माझ्यापुढे ठेवला. तो नुसता उभा होता, तरी आता हालेल असं वाटत होतं.

मी फूटपट्टी काढली. "प्रत्येक वेळी पाव इंच सरकव," मी तिला सांगितलं. "सारखं अंतर पाहिजे, नाहीतर उड्या मारेल."

"सारखं कसं पाह्यजे?" ती म्हणाली. "उभा बैल एकदम चालाले लागते काय? पाय उचलायच्या आंधी थो सगळं अंग दुसऱ्या पायावर टाकते. मान खाली घेते. मंग निंगते. आनं थांबतानी बी गाडीवानानं दोरी ओढली का हळूहळू थांबते."

आणि ती स्वयंपाकघरात जाऊन मूठभर दाणे घेऊन आली. पहिल्यांदा तिने बैल मोहरीच्या दाण्याएवढा सरकवला. मग ज्वारीएवढा. मग तुरीएवढा, मग हरभऱ्याएवढा. काही वेळ हरभराच. आणि थांबायचं आलं की उलट, तूर, ज्वारी, मोहरी. दाणा बैलाच्या खुरामागे ठेवायचा, खूर पुढे घ्यायचा, दाणा उचलायचा, बाजूला व्हायचं आणि म्हणायचं, "दाबा जाऊबाई." बैल उभा ठेवायचा असेल तर त्याला अगदी थिजवून ठेवत नव्हती. शेपटीचं टोक, नाहीतर कान, मोहरीएवढा हलवायची. "उभा बैल बी कुठं गप राह्यते," ती म्हणायची.

मी दाबत होते आणि माझी फूटपट्टी टेबलावर पडून होती. एवढी साधी गोष्ट मला का सुचली नाही, हे मला सहन होत नव्हतं.

बल्बच्या उष्णतेने मेण नरम होऊन बैल गुडघ्यांत वाकायचा. दर वीस-पंचवीस चित्रांनंतर बल्ब बंद करून ती ओल्या फडक्याने त्याचे पाय गार करायची, गोठ्यातल्या जनावराशी बोलावं तसं त्याच्याशी बोलायची. मी स्टँडशी उभी राहून मोजत असायची. तीन तासांत पडद्यावरचे पाच-सात सेकंद व्हायचे.

रीळ आलं. भिंतीवर बैल उभा होता. त्याचा कान हलला. त्याने मान खाली घेतली, अंग एका बाजूला टाकलं, आणि तो निघाला.

मामाजी खुर्चीतून उठून भिंतीपाशी गेले. त्यांची सावली बैलावर पडली तसे मागे झाले. "लहाने," ते म्हणाले, "तू त्यात जीव घातला वो माय." रीळ त्यांनी चारदा लावायला सांगितलं. माझे यजमान, जे माझ्या रिटचिंगबद्दल लग्नानंतरच्या सात वर्षांत एक शब्द बोलले नव्हते, तेही म्हणाले, "काय हात आहे हिचा!"

उजेड हलला नाही, टेबल हादरलं नाही, कोपऱ्यात कोणाचं लुगडं चमकलं नाही. माझं काम इतकं चांगलं झालं होतं की ते कोणालाच दिसलं नाही. हात पुसत मी प्रोजेक्टरशी उभी होते. मामाजींना एकदम आठवण झाल्यासारखं झालं आणि ते म्हणाले, "सूनबाई, तू बी लय मेहनत केली." त्या "बी" ने मला आठ दिवस झोप लागू दिली नाही.

मग ती गावात पसरली, लहानीने बैल चालवल्याची गोष्ट. दुकानात फोटो काढायला आलेल्या बायका मागच्या खोलीत डोकावून विचारत, "कोणती ती बैलवाली?" मी मेजावर मान घालून त्यांच्या लेकीसुनांचे डाग पुसत असे आणि पेन्सिलीने आतल्या खोलीकडे दाखवत असे. सुतार चाचा एकदा मुद्दाम बैल पाहायला आले. हातात घेऊन म्हणाले, "बेटी, ये तो चल पडेगा." लहानी लाजून हसली. मला वाटलं, फळी तर मी सांगून करून घेतली होती, निदान फळीबद्दल तरी विचारतील.

लहानी वाईट असती तर बरं झालं असतं. ती माझं पान आधी वाढायची, माझ्या मुलीची वेणी घालायची, आणि कोणी वाखाणलं तर म्हणायची, "जाऊबाईनं शिकवलं." मला ते खोटं वाटायचं. खरं असेल, हे मनात आलं की आणखीच राग यायचा.

दिवाळीनंतर शाळेच्या मुख्याध्यापकांनी मामाजींना विचारलं, की पालकांच्या मेळाव्याला हॉलमध्ये असं काही दाखवता येईल का. मामाजींनी होकार दिला. गोष्ट ठरली ती अशी, की बाजारातून परत निघालेला गाडीवान गाडीत झोपी जातो आणि बैल आपले आपण गाडी घरी आणतात. लहानीने दुसरा बैल केला, गाडी केली, डोक्यावर पटका घेतलेला घोरणारा गाडीवान केला. पुठ्ठ्यांची घरं आणि बाभळी मी रंगवल्या.

या खेपेला कॅमेऱ्याचं कामही दिसलं पाहिजे, असं मी मनाशी घेतलं. चाचांकडून मी दोन लांब पट्ट्या करून घेतल्या आणि त्यांवर स्टँडची फळी बसवली. पट्ट्यांना साबण चोळला, कडेने पेन्सिलीने बारीक खुणा केल्या. एकेक चित्रामागे फळी एकेक खूण सरकवायची, म्हणजे पडद्यावर कॅमेरा गाडीच्या बाजूबाजूने चालेल, जसे आपण रस्त्याने सोबत निघालो आहोत. सुरुवातीच्या खुणा जवळजवळ, मधल्या लांब, शेवटच्या परत जवळजवळ. तिच्या दाण्यांची रीत मी उचलली होती, पण ते बोलले नाही.

लहानीने ते पाहिलं, डोकं एका बाजूला कलतं करून. "जाऊबाई, बैल बी चालते आनं आपुन बी चालतो, मंग पाह्यणाऱ्यानं कोनाले धरून पाहावं? बैल तर जागीच दिसंन. मांगची घरंच पळतीन."

"ते तसंच दिसायला पाहिजे," मी म्हणाले.

"आंधी उभं राहून गाडी येऊ द्यावं. थे थांबली का मंग आपुन हळूच जवळ जावं, झोपलेल्या मानसाच्या तोंडापाशी. हासतीन लोकं."

मामाजी दारात होते. ते म्हणाले, "लहानी म्हणते तेच बरोबर आहे, सूनबाई. कॅमेरा उभा ठेव. शेवटी जा जवळ."

तिचं बरोबरच होतं. ते मला त्याच क्षणी दिसलं, गाडीवानाचं उघडं तोंड पडदाभर झालेलं. मी "बरं" म्हणाले आणि आठ दिवस खपून आखलेल्या खुणा ओल्या फडक्याने पुसल्या. फळी मात्र साबणाच्या पट्ट्यांवरच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम सुरू होतं. गाडी रस्त्याच्या मध्यावर आली होती, सगळ्यात अवघड जागी, जिथे दोन बैलांचे आठ पाय आणि चाकं एका वेळी सांभाळावी लागत. सासूबाईंनी लहानीला हाक मारली, पाहुणे आले होते, चहा टाकायचा होता. ती म्हणाली, "मी आलोच, कोनाले हात लावू देऊ नका," आणि गेली.

खोलीत मी एकटी होते. दोन्ही बल्ब जळत होते. मी स्टँडपाशी उभी राहिले आणि पायाने फळी ढकलली. एकदाच, बोटभर. साबणाच्या पट्ट्यांवर ती आवाज न करता सरकली. मग मी कॅमेऱ्यातून पाहिलं. सगळं चित्र थोडं डावीकडे गेलं होतं. परत जागेवर आणता आलं असतं. मी आणलं नाही.

लहानी आली, पदराला हात पुसले, गाडीकडे नीट पाहिलं. टेबलावर काहीच बदललेलं नव्हतं. तिने ज्वारीचा दाणा ठेवला, खूर उचलला, आणि म्हणाली, "दाबा जाऊबाई." मी दाबलं.

रीळ मुंबईला गेलं त्या तीन आठवड्यांत मी दोनदा मामाजींना सांगायला त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. एकदा त्यांनी मान वर करून विचारलं, "काय पाह्यजे सूनबाई?" मी म्हणाले, "पेन्सिली संपल्या." ते उठून पेन्सिली घेऊन आले. मला स्वतःची इतकी किळस आली की त्या पेन्सिलींची पुडी मी कितीतरी दिवस उघडली नाही.

मेळाव्याच्या आदल्या दिवशीच पार्सल आलं. घरी लावून बघायला वेळ मिळाला नाही. रविवारी सकाळी शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना सतरंज्या टांगल्या, समोर चादर लावली. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. गाडी दिसताच कोणीतरी ओरडलं, "आली रे!" बैल चालत होते, चाकं फिरत होती, गाडीवानाची छाती वरखाली होत होती. आणि मग रस्त्याच्या मध्यावर अख्खं गाव दणका बसल्यासारखं एका बाजूला उडालं. घरं, बाभळी, गाडी, सगळंच. लोक खदखदून हसले. कोणाला वाटलं गाडी खड्ड्यात गेली. पुढच्याच क्षणी सगळे परत गाडीवानाला हसायला लागले, शेवटी टाळ्याही झाल्या. लोकांच्या दृष्टीने काहीच बिघडलं नव्हतं.

मामाजींच्या दृष्टीने बिघडलं होतं. फोटोत एक केस आडवा आला तरी ते फोटो फाडणारे. खुर्च्या उचलता उचलता मुख्याध्यापकांच्या समोर ते लहानीला म्हणाले, "एवढं चांगलं काम, आनं मध्येच हात हालला तुहा."

ती माझ्याकडे बघत नव्हती. "हाव मामाजी," ती म्हणाली. "हालला असंन."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या मेजापाशी आली. काचेवर एका नवरदेवाची निगेटिव्ह होती, मी त्याच्या गालावर काम करत होते. ती बसली नाही.

"जाऊबाई, माह्या हातानं बैल हालला असता तं बैलच हालला असता. घरं कायले हालतीन? बैल जागीच होता. भुई हालली."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"भुई तुमच्याकडं होती," ती म्हणाली.

खोटं बोलायला जागाच नव्हती. "हो. कॅमेरा मीच सरकवला," मी म्हणाले.

"काऊन?"

"सगळे तुलाच पाहतात म्हणून."

मला वाटलं ती रडेल, किंवा समजूत घालेल. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. तिचा चेहरा लाल झाला. "माह्या हातावर आलं थे," ती म्हणाली. "सगळ्या गावासमोर. मले एकच तं गोष्ट येते वो. तुमाले इंग्रजी येते, पेन्सिल येते, तुमी मॅट्रिक. मले एक हात आहे. थोच तुमी खोटा पाडला."

तिलाही माझा हेवा वाटत होता, हे मला त्या दिवशीपर्यंत माहीत नव्हतं.

"मग काल मामाजींना का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगतलं असतं तं कॅमेरा गेला असता कपाटात. दोन सुना भांडतेत म्हनून. मले थो कपाटात नाई पाह्यजे." आणि जाताना वळून म्हणाली, "मी बोलनार नाई तुमच्याशी. कितीक दिवस थे माहीत नाई."

बावीस दिवस ती बोलली नाही. पान वाढायची, वेणी घालायची, बोलायची नाही. बाविसाव्या दिवशी मी मामाजींकडे गेले आणि या वेळी पेन्सिली मागितल्या नाहीत. सगळं सांगितलं. ते भिंगाची काच पुसत होते, पुसतच राहिले. मग ती खाली ठेवून म्हणाले, "मी तिले लोकायसमोर बोललो. आता मले लोकायसमोरच मागं घ्यावं लागंन." आणि त्यांनी तसं केलं. मुख्याध्यापकांना दुकानात बोलावून सांगितलं, की चूक लहानीच्या हाताची नव्हती, स्टँड सरकला होता. कोणी सरकवला ते बोलले नाहीत. मी दाराच्या पडद्यामागे उभी होते. वाचवलं म्हणून बरं वाटलं, आणि त्यातही ते तिच्यासाठी काम सोडून उभे राहिले होते याची टोचणी लागली.

मला त्यांनी एवढंच सांगितलं, "तेवढा तुकडा परत काढा. दोघींनी."

लहानीची एक अट होती. "मी कॅमेरा धरीन. बैल तुमी हालवा."

बैलाच्या खुरामागे ज्वारीचा दाणा ठेवून तो खूर उचलताना दुसरे सात पाय जागचे न हलू देणं काय असतं, हे मला त्या दुपारी कळलं. माझ्या, डोळ्यांखालच्या सुरकुत्या पुसणाऱ्या बोटांनी तीनदा बैल आडवा केला. ती स्टँडशी उभी राहून शांतपणे म्हणायची, "परत." मोजताना ती चुकली नाही. श्वास धरायला विसरली नाही. एकदा तर म्हणाली, "डावा बलब मंद झाला वाटते," आणि खरंच झाला होता, गिरणी लवकर सुरू झाली होती. मला ते दिसलं नव्हतं. आठ दिवसांत तिने माझंही काम उचललं. तिच्या कामातलं मला काहीच उचलता येईना. शेवटी ती टेबलाशी आली, मी स्टँडशी गेले, आणि तुकडा पूर्ण झाला. मामाजींनी खराब भाग कापून नवा चिकटवला. तो सांधा अजूनही कोणाला दाखवला तरी दिसत नाही.

पुढे माझ्या दिराची, म्हणजे लहानीच्या नवऱ्याची, नोकरीत अकोल्याला बदली झाली. निघण्याच्या आदल्या दिवशी मामाजींनी कॅमेरा त्याच्या चामडी डब्यात घातला, माहितीपुस्तक वर ठेवलं आणि मला विचारलं, "लहानीले देऊ ना?" मी म्हणाले, "द्या, तिलाच द्या." त्यांनी मला विचारलं हा त्यांचा मोठेपणा. मी दिलेलं उत्तर निव्वळ तोंडदेखलं होतं. टांगा वळणावरून गेला तेव्हा मी तिच्याकडे न पाहता डब्याकडे पाहत होते.

ती पत्रं लिहायची, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत. जवळून काढताना चित्र धूसर येतं, काय करू. दोन बल्बांनी दोन सावल्या पडतात, एक कशी घालवू. मी उत्तरं लिहायची, आकृत्या काढून, अंतरं मोजून. भिंग ते वस्तू टेपने मोज, अंदाजाने नको. एका बल्बापुढे पातळ कागद धर. तिच्या पत्राची मी वाट पाहायची. उत्तर लिहिताना कधी कधी हेही मनात यायचं, की एखादं अंतर चुकीचं लिहावं. लिहिलं कधी नाही.

तीन-चार वर्षांनी मी अकोल्याला तिच्याकडे राहायला गेले. तिने नवं रीळ लावलं. एका चिमणीचं. कुंपणाच्या तारेवर बसणारी, उठणारी, परत बसणारी. चिमणी तिने चिंध्यांची केली होती. ती पंख मिटायची तेव्हा पिसं आधी फुगत आणि मग बसत. शेजारच्या बायका पाहायला आल्या होत्या, तोंडावर पदर घेऊन हसत होत्या. मला ते इतकं सुंदर वाटलं की मी पुढे सरकून बसले. आणि मग एका जागी मला दिसलं. दुसऱ्या वेळी चिमणी तारेवर येते, तेव्हा तार खाली जात नाही. चिमणीचं वजन पडत नाही. एवढी मोठी चूक, आणि ती लहानीने केलेली.

तो सगळा दिवस मी मजेत काढला. तिच्या हातच्या ज्वारीच्या भाकरी दोन जास्त खाल्ल्या. तिच्या मुलाला मांडीवर घेऊन गाणी म्हटली. तिला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात ती भांडी घासत होती, मी विसळत होते, तेव्हा न राहवून म्हणाले, "ती चिमणी दुसऱ्यांदा बसते ना, तेव्हा तार हलत नाही गं."

"हाव," ती राखेचा हात न थांबवता म्हणाली. "मले बी दिसलं काल. तुमाले कधी दिसलं?"

"कालच," मी म्हणाले.

"मंग कालच काऊन नाई सांगतलं?"

मी विसळलेला तांब्या परत विसळायला घेतला. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागली. मग मलाही हसू आवरेना. विसळलेला तांब्या माझ्या हातून परत राखेत पडला.